रुपयात भरावे की दिरहममध्ये?

उमऱ्याला जायचे ठरले, किंवा आखातात नोकरीला असलेल्या मुलाने आईवडिलांना बोलावून घेतले, की घरात आधी तारखेची चर्चा होते, मग तिकिटाची. आम्हा भुसावळकरांना एका दिशेला मुंबई आणि दुसऱ्या दिशेला नागपूर, दोन्ही एकाच रेल्वे लाईनीवर. मुंबईहून तर विमाने आहेतच, नागपूरहूनही शारजा-दोह्याला थेट विमाने सुटत आली आहेत. त्यामुळे हल्ली बहुतेक घरांत तिकीट मोबाईलवरच शोधले जाते. दोनशे रुपये स्वस्त मिळावे म्हणून आपण रात्री बारापर्यंत जागतो. पण पैसे भरायच्या शेवटच्या पानावर एक छोटासा प्रश्न येतो, त्याकडे कुणी पाहत नाही. तो असा : रक्कम रुपयात भरणार की दिरहममध्ये?

आपण डोळे झाकून रुपया निवडतो. रुपया आपला, हिशेब आपल्याला कळतो. या महिन्यात आम्ही याच सवयीबद्दल लिहीत आहोत.

आधी थोडा इतिहास. एकेकाळी आखातात आपला रुपयाच चालत होता. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत इथल्या बाजारांत त्यानेच व्यवहार होत. त्या वाटेने सोन्याची तस्करी वाढली आणि परकीय चलन बाहेर जाऊ लागले. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हाजींसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या खास ‘हज नोटा’ निघाल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते एका दिवसात साडेसात झाले. ज्यांच्या तिजोरीत रुपये होते, त्यांची पुंजी बसल्याजागी घटली. मग उरलेल्या अमिरातींनीही रुपया सोडला. वस्तू तीच, पण दर कोण ठरवतो यावर तिची किंमत बदलते, हे त्या पिढीने अनुभवले.

आजच्या तिकिटातही हेच घडते. परदेशी संकेतस्थळ दिरहमची रक्कम रुपयात करून दाखवते, तेव्हा त्यासाठी स्वतःचा दर लावते. तो बाजारभावापेक्षा चढा असतो आणि वरची रक्कम त्यांची कमाई असते. दिरहम निवडला तर रूपांतर आपली बँक आणि कार्डाची कंपनी करते. तेही फुकट नाही. बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के आकारणी घेते आणि त्या आकारणीवर १८ टक्के जीएसटी लागतो.

सातवीच्या शतमानाच्या गणितासारखे हे मांडून पाहू. समजा, परतीसह तिकीट १,००० दिरहमचे आहे आणि बाजारात दिरहमचा दर २४ रुपये आहे. म्हणजे मूळ रक्कम २४,००० रुपये. संकेतस्थळाने पाच टक्के चढा दर लावला तर रुपयातली किंमत २५,२०० होते. आता दिरहम निवडा. साडेतीन टक्के घेणारे कार्ड असेल तर ८४० रुपये आकारणी आणि १५१ रुपये जीएसटी, एकूण २४,९९१. दोन टक्के घेणारे कार्ड असेल तर ४८० आणि ८६, एकूण २४,५६६. परदेशी व्यवहारावर आकारणीच न घेणारी कार्डेही आता मिळतात, त्यावर २४,०००.

इथे आणखी एक खाच आहे. दुकान परदेशात नोंदलेले असेल तर अनेक बँका रुपयात भरलेल्या रकमेवरही एक टक्क्याच्या आसपास आकारणी घेतात. मग २५,२०० चे जीएसटीसह २५,४९७ होतात. दोन टक्केवाल्या कार्डाशी तुलना केली तर एका माणसामागे ९३१ रुपयांचा फरक पडतो, पाच जणांमागे साडेचार हजारांहून जास्त. भुसावळ ते मुंबई जाण्यायेण्याचे सर्वांचे स्लीपरचे भाडे यातून निघते. उमऱ्यासाठी एकेक रुपया बाजूला टाकणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

मात्र ‘नेहमी दिरहमच निवडा’ असा मंत्र आम्ही देणार नाही. संकेतस्थळाचा दर दोनच टक्के चढा असेल आणि तुमचे कार्ड साडेतीन टक्के घेत असेल, तर रुपयातच फायदा आहे. म्हणून एक भागाकार करा. रुपयातल्या रकमेला दिरहमच्या रकमेने भागा, म्हणजे त्यांचा खरा दर कळेल. तो त्या दिवसाच्या दराशी ताडून पाहा. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपापले दर रोज जाहीर करतात. आपल्या कार्डाची आकारणी किती, हे बँकेत आधीच विचारून ठेवा.

मुंबईहून किंवा नागपूरहून निघणाऱ्या तिकिटाचा भाव सहसा मुळातच रुपयात असतो. विमान कंपनी भारतातच पैसे घेत असेल तर रूपांतराचा प्रश्नच येत नाही. तिथे रुपयातच भरावे. जेद्दाहून किंवा शारजाहून सुरू होणाऱ्या प्रवासाचा भाव सहसा तिथल्या चलनात असतो. स्वस्त विमान कंपन्या जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे विकतात, म्हणून परतीच्या तिकिटाला हा हिशेब हमखास लागू पडतो. परदेशी हॉटेलच्या बुकिंगलाही तोच.

रियाल की दिरहम, यात मात्र फार डोके घालू नका. दोन्ही चलने डॉलरला बांधलेली आहेत : १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ रियाल, १९९७ पासून ३.६७२५ दिरहम. म्हणजे १,००० दिरहम म्हणजे सुमारे १,०२१ रियाल. कुणी याहून बरेच जास्त रियाल सांगत असेल, तर मधला फरक कुठे जातो ते विचारा. एजंटकडून पॅकेज घेतानाही ‘रियालचा भाव कोणत्या दिवसाचा आणि किती धरला?’ असे विचारावे. हा अविश्वास नाही, व्यवहार आहे. चांगला एजंट न रागावता सांगतो.

तीन गोष्टी सांभाळा. पहिली, तिकीट रद्द झाले तर परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि बँकेची आकारणी बहुधा परत मिळत नाही. तारीख पक्की नसेल तर घाई नको. दुसरी, परदेशी संकेतस्थळावर काही वेळा ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात. कार्डाचा परदेशी वापर ॲपमधून तेवढ्यापुरता सुरू करा, मर्यादा ठेवा आणि काम झाले की बंद करा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. शारजातल्या मुलाने आपल्या पगारातून अम्मी-अब्बांचे तिकीट काढून पाठवले, तर ती मुलाची भेट आहे. तिथे चलनाचा खर्चच वाचतो. पण ‘इथे आमच्या माणसाकडे रोख द्या, तिकडून दिरहममध्ये तिकीट निघेल’ असे कुणी सुचवले, तर हात जोडून नकार द्या. तो हवाला आहे आणि १९९९ च्या फेमा कायद्याचा भंग आहे. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन नोटीस येईल. शिवाय इबादतीच्या सफरीची सुरुवात अशा पैशाने कुणाला आवडेल?

घरातल्या आठवी-नववीच्या मुलांना या हिशेबाला बसवा. मोबाईल त्यांना आपल्यापेक्षा छान चालवता येतो, शतमान आम्ही वर्गात शिकवलेले आहे. पैसे भरण्याआधी दोन्ही आकडे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्या, वजाबाकी करायला लावा आणि मगच बटण दाबा.