पत्र्यावरचा तांबेरा



गव्हाच्या पानावर तांबूस पुटकुळ्या दिसल्या की तुम्ही दुसऱ्या दिवशी पंप पाठीला लावता. उशीर झाला तर दाणा पोचट राहील, हे तुम्हाला कुणी सांगावे लागत नाही. पण त्याच रंगाचा ठिपका पिकअपच्या दाराखाली किंवा घरच्या मोटारीच्या मडगार्डावर दिसला, तर आपण म्हणतो, "पाहू, दिवाळी होऊ द्या." तोवर वॉरंटीची मुदत उलटलेली असते, कर्जाचे हप्ते मात्र चालू असतात. आज या पत्र्यावरच्या तांबेऱ्याविषयी, म्हणजे गंजाविषयी, चार कामाच्या गोष्टी सांगणार आहे.

गव्हाचा तांबेरा ही बुरशी आहे, पत्र्याचा तांबेरा ही रासायनिक क्रिया आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाले की गंज धरतो. त्या पाण्यात मीठ किंवा क्षार असले की गंज झपाट्याने वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली गंज धरला की रंगाला फोड येतो. बाहेर हरभऱ्याएवढा फोड दिसला, तर आत गंज रुपयाएवढा पसरलेला असू शकतो.

आपल्याकडे गंज लवकर का धरतो?

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या अनेक गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे आहे. ते पिकाला चालत नाही, पिण्याला चालत नाही, पण गाडी धुवायला आपण बिनधास्त वापरतो. पाणी वाळते आणि क्षार पत्र्याच्या जोडात मागे राहतात. पांढरे डाग दिसतात ते हेच. पुढे पावसाळी हवेत हे क्षार ओलावा ओढून घेतात आणि काम सुरू करतात. गाडी वारंवार धुऊनही लवकर गंजते ती अशी.

दुसरे कारण आपल्या हौद्यात असते. पोटॅश म्हणून आपण जे खत वापरतो, त्यात बहुधा क्लोराइड असते, म्हणजे ते मिठाच्याच जातीचे. फुटक्या गोणीतून ते हौद्याच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीत सांडते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. जनावरांचे मूत, जाडे मीठ यांचेही तसेच. संत्रा बागाईतदारांना मोरचुदाचा अनुभव आहेच. बोर्डो मिश्रण नीट जमले की नाही हे पाहायला आपण त्यात लोखंडी विळा बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण बिघडले समजून आणखी चुना घालतो. तो थर तांब्याचा असतो, आणि तांबे बसते तेव्हा तेवढे लोखंड विरघळलेले असते. मग मोरचुदाचे पाणी हौद्यात सांडले तर पत्र्याचे काय होईल, याचा विचार करा.

वॉरंटी संपली म्हणजे काय?

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. जस्ताचे काम सापळा पिकासारखे आहे. कपाशीच्या कडेला लावलेली झेंडूची ओळ जशी अळी आपल्यावर घेते, तसे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण सापळा पीक कधीतरी खाऊन संपते, तसे जस्तही संपते. वॉरंटी संपली म्हणून गाडी त्याच दिवशी खराब होत नाही, पण पुढची राखण आता तुमच्याकडे आली.

वॉरंटीचे पुस्तक मात्र अडगळीत टाकू नका. गंजाचे कलम वेगळे असते, त्याची मुदतही वेगळी असू शकते. पुष्कळ वेळा पत्र्याला आतून बाहेर आरपार भोक पडले तरच ते कलम लागू होते, वरवरच्या गंजाला नाही. नेमून दिलेली तपासणी चुकली तर हक्क जातो, अशीही अट असते. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी गाडी उचलून खालून पाहा. काही दिसले तर फोटो काढा, तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

मुदत संपली म्हणून दाद मागायची वाट पूर्ण बंद होते, असेही नाही. दोष मुळात बनावटीतला असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आपण राहतो त्या जिल्ह्यात तो करता येतो, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली पिकअपही यात बसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण गंज बनावटीच्या दोषाने आला, खाऱ्या पाण्याने नाही, हे तज्ज्ञाच्या तपासणीने दाखवावे लागते. म्हणून कागद आणि फोटो महत्त्वाचे.

अमेरिकेतले उदाहरण सांगतो. तिथे टोयोटा कंपनीच्या टॅकोमा पिकअपच्या चेसी मोठ्या संख्येने गंजल्या. तक्रारी वाढल्यावर २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० सालच्या गाड्यांच्या चेसीसाठी वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवली, आणि दुरुस्त न होणाऱ्या गाड्या परत विकत घेतल्या. म्हणून तुमच्यासारखीच गाडी आणि तोच गंज गावात चार जणांकडे असेल, तर चौघे मिळून लिहा.

गंज ओळखा आणि उपाय करा

गंजाचे तीन टप्पे आहेत. पहिला वरवरचा, खरवडला की खाली चकचकीत पत्रा लागतो. दुसरा रंगाखालचा फोड. तिसरा आरपार, पेचकस टोचला की आत जातो. पहिल्या टप्प्याचे काम घरच्या घरी होते.

१) जागा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा.
२) तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांनी चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा. फोडाच्या भोवतीचा दोन बोटे रंगही काढा.
३) खड्ड्यात गंज उरला असेल तर फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावा. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे ते धुऊन वाळवा.
४) त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडा घासलेला पत्रा रात्रभर ठेवू नका.
५) प्रायमर वाळला की रंगाचे दोन हात द्या. नुसता रेड ऑक्साइड लावून सोडला तर त्यातून ओलावा आत जातो.

दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला कारागीर लागतो. तिथे एकच पाहा, गंजलेला पत्रा कापून नवा जोडतो की गंजावरच लांबी भरून रंग मारतो. लांबी भरलेली गाडी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. एक-दोन पावसाळ्यांत फोड पुन्हा वर येतो. जुनी मोटार विकत घेतानाही फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर फिरवा. तो जिथे चिकटत नाही तिथे बहुधा लांबी असते. वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा काढायला लावा आणि डिझेल-पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ देऊ नका.

जळके ऑइल खालून फासण्याची आपल्याकडे चाल आहे. ते रबराचे भाग खराब करते, धूळ धरून ठेवते आणि ब्रेकवर उडाले तर घात करते. जमिनीत आणि पाण्यात झिरपते ते वेगळेच. त्यापेक्षा गाडी स्वच्छ व कोरडी करून खालचे कोटिंग करून घ्या. ओल्या गंजावर केलेले कोटिंग आतल्या आत पत्रा खाते. दाराच्या खालची पाणी निघण्याची भोके मात्र बुजवू नका, ती काडीने मोकळी ठेवा.

जिथे पैशाचा विचार करू नये

दाराला भोक पडले तर गाडी कुरूप दिसते, जीव जात नाही. पण चेसी, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, सीट आणि पट्ट्याचे बोल्ट बसतात ती जागा, आणि पायाखालचा पत्रा यांना गंज धरला तर एक दिवसही थांबू नका. गंजलेली ब्रेकची नळी जोराने ब्रेक दाबल्यावरच फुटते, म्हणजे नेमकी गरजेच्या वेळी. पायाखालच्या भोकातून सायलेन्सरचा विषारी धूर आत येऊ शकतो आणि मागे मुले झोपलेली असतात. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा हे लपतही नाही. चेसीचे काम जाणत्या कारखान्यातच करा.

आता वर्षाचा क्रम ठरवा. खत वाहून आणले की त्याच संध्याकाळी हौदा झाडा. गाडी खाऱ्या पाण्याने धुतलीच, तर शेवटच्या दोन बादल्या गोड्या पाण्याच्या घ्या आणि फडक्याने पुसा. त्यासाठी पत्र्यावरचे पावसाचे पाणी टाकीत धरून ठेवता येते. पायाखालच्या चटया महिन्यातून एकदा उचलून वाळवा. हे काम घरातल्या मुलामुलींना नेमून द्या, त्यांची नजर बारीक असते. खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. त्या दिवशी झेंडूचे हार घालण्याआधी गाडीखाली एक गोणपाट अंथरा आणि विजेरी घेऊन आडवे होऊन पाहा. दुसरी तपासणी मृगाच्या आधी करा.

घासायचा कागद, प्रायमर आणि लहान रंगाचा डबा यांना थोडे पैसे लागतात. तेच काम दोन वर्षांनी कारागिराकडे गेले, तर त्याच्या बिलात बियाण्याच्या पिशव्या येतील. या आठवड्यात एकदा गाडीखाली नजर टाकाच.