धडा पाठ झाला, पण भोली भेटली का?



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या सात-आठ मुली संध्याकाळी येतात. परीक्षेच्या आधी त्यांतली एक जण डोळे मिटून गाईडमधलं इंग्रजी उत्तर घोकत होती. 'भोलीचे स्वभावचित्र'. शब्दही चुकत नव्हता. मी सहज विचारलं, "भोलीनं लग्न का मोडलं गं?" ती म्हणाली, "ताई, तो प्रश्न येणार नाही. सरांनी सांगितलंय." त्याच आठवड्यात तिच्या मोठ्या बहिणीची बैठक झाली होती. मुलाकडच्यांनी 'हौस म्हणून' मोटरसायकल मागितली होती आणि घरच्यांनी होकार दिला होता.

'भोली' ही ख्वाजा अहमद अब्बास यांची कथा. एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या इंग्रजी पूरक पुस्तकातून ती अनेक वर्षं मुलामुलींच्या हाती पडली आहे. भोलीच्या तोंडावर देवीचे व्रण, बोलताना ती अडखळते. गावात मुलींची शाळा निघते, तेव्हा तिला तिथं पाठवलं जातं, तेही हिचं लग्न होणं कठीण, मग शिकली तरी काय बिघडतं, या हिशेबानं. पुढं एक लंगडा, वयस्क, मोठ्या मुलांचा बाप असलेला वाणी तिला मागणी घालतो. हुंडा मागत नाही, एवढ्यावर घरचे खूश. भोलीला कुणी विचारत नाही. मांडवात तिचे व्रण दिसताच तो पाच हजार रुपये मागतो. बाप त्याच्या पायाशी पगडी ठेवतो, शेवटी पैसेही मोजतो. तेव्हा भोली वरमाला आगीत फेकते आणि न अडखळता सांगते, या माणसाशी मी लग्न करणार नाही.

हा धडा चांगल्या गुणांनी पास होणाऱ्या मुलीच्या घरात ती मोटरसायकल ठरते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिला कुणी सांगत नाही. दोष तिचा नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून आले. समाजकार्याच्या एम.ए.पर्यंत इंग्रजी म्हणजे पाठ करायची गोष्ट, असंच माझ्याही अंगवळणी पडलं होतं. भाषेचीच भीती असली की अर्थापर्यंत जायला उसंत मिळत नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतात, आपल्या मुलींना इंग्रजी साहित्य हवंय कशाला? अर्ज लिहिता यावा, मुलाखत देता यावी, नोकरी लागावी, एवढं पुरे. नोकरीचं इंग्रजी हवंच, त्यात वाद नाही. पण सावित्रीबाईंनी १८५४ साली 'काव्यफुले'मधून इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो दास्यातून सुटण्यासाठी होता. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची कहाणी इंग्रजीत मांडली, अमेरिकेतून मदत उभी केली आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं. या दोघींसाठी इंग्रजी म्हणजे आपलं म्हणणं मांडण्याची जागा होती.

चळवळीच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपण हुंड्यावर बैठक घेतली की घरचे म्हणतात, "पोरींना भडकवू नका." पण हाच विषय पाठ्यपुस्तकात असला की कुणी हरकत घेत नाही, कारण तो 'अभ्यास' असतो. घरात, वर्गात जे बोलायची सोय नाही ते इथं छापलेलं आहे. अशी आयती वाट आपण गाईडवाल्यांच्या हाती सोडून दिली आहे.

म्हणून आम्ही एक केलं. एका संध्याकाळी ही कथा मुलींकडून आधी मराठीत सांगून घेतली, त्यांच्या आयांसमोर. अडखळत, पण आपल्या शब्दांत त्या बोलल्या. एका आईनं विचारलं, "मग पुढं काय झालं तिचं? बापानं घरात ठेवली का?" दुसरी म्हणाली, "बाईंनी शिकवलं म्हणून बोलली. आम्हाला कोण होतं?" कथेच्या शेवटी शिक्षिकेच्या चेहऱ्यावर कलाकृती पुरी झाल्याचं समाधान आहे. त्यावर मुलींचाच वाद झाला: हे यश बाईंचं की भोलीचं? यातला एकही प्रश्न गाईडमध्ये नव्हता. नंतर मुलींनी उत्तरं पुन्हा इंग्रजीत लिहिली. व्याकरणाच्या चुका होत्या, पण उत्तरं त्यांची होती.

त्या मोटरसायकलचं काय झालं? ती दिली गेली. खोटा शेवट सांगून उपयोग नाही. पण धाकटीनं घरात विचारलं, "हा हुंडा नाही तर काय आहे?" बाप गप्प बसला. १९६१ च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, हे त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं.

तुमच्या गटाजवळच्या मुलींची इंग्रजीची पुस्तकं एकदा मागून घ्या. बोर्ड कुठलंही असो, मुलीच्या जगण्याला भिडणारा एखादा धडा सापडतो का पाहा. तो आयांसकट मराठीत वाचा, मग इंग्रजीत. शाळेतल्या बाईंना, सरांनाही बोलवा; पोर्शन संपवण्याच्या घाईत त्यांचीही घुसमट होत असते. काय घडलं ते आम्हाला कळवा. फसलेले प्रयोगही कळवा.