नोटीस राबणाऱ्याला, मोकळीक मालकाला

‘कंत्राटदार’ हा शब्द आपल्या चळवळीत आजवर शिवीसारखाच वापरला गेला आहे, आणि त्याला कारणेही तशीच होती. मजुरांच्या घामावर मुकादमी खाणारा, नगरपालिकेच्या रस्त्यात खडीऐवजी माती घालणारा तो कंत्राटदार. त्याच्या दारी आयकर खात्याची चौकशी आली, तर कार्यकर्त्याने हळहळावे असे त्यात काही नव्हते. परंतु मालकवर्गाने हाच शब्द अलगद उचलून भलत्याच माणसाच्या कपाळी चिकटवला आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या अजून ध्यानात आलेले दिसत नाही.

माझ्या परिचयाचे एक ड्राफ्ट्समन आहेत. पुण्याजवळच्या एका कारखान्यात चौदा वर्षे हजेरीपटावर होते. एके दिवशी त्यांना सांगण्यात आले की, राजीनामा द्या आणि पहिल्या तारखेपासून तेच काम, त्याच टेबलावर, कंत्राटावर करा. भविष्यनिर्वाह निधी गेला, पगारी रजा गेली, पुढची ग्रॅच्युइटी गेली. मिळाली ती ‘स्वतंत्र व्यावसायिक’ ही पदवी. दोन वर्षांनी त्यांना करमागणीची नोटीस आली. मालकाने त्यांच्या प्रत्येक बिलातून कर कापला होता, सरकारात मात्र भरला नव्हता. लबाडी मालकाची आणि खुलासा यांनी करायचा!

वस्तुतः १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम २०५ निःसंदिग्ध आहे. ज्या रकमेतून कर कापला गेला, त्या कराची मागणी पुन्हा त्याच माणसाकडे करता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ आणि २०१६ साली आपल्या अधिकाऱ्यांना हे लेखी बजावलेही होते. पण संगणकाला खात्यावर कर जमा दिसला नाही की तो मागणी काढून मोकळा होतो. (१९६१ च्या कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे; त्याआधीच्या वर्षांचा निकाल जुन्याच कायद्याने लागतो.) ती मागणी परतवायची, तर कर कापला गेल्याचा पुरावा आपल्या हाती हवा. आमच्या या स्नेह्यांपाशी तो नव्हता. बिले कारखान्याचा कारकून तयार करी, हे फक्त सही करीत. स्वतःच्या हाताने क्रमांक घालून केलेले बिल, त्याची स्थळप्रत आणि कापून उरलेली रक्कम जमा झाल्याची बँकेची नोंद, एवढी कागदपत्रे असती तर निम्मे भांडण तिथेच मिटले असते. आपल्या नावे किती कर जमा झाला, हे खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. ते वर्षअखेरीस नव्हे, दर तिमाहीला पाहावे आणि तफावत दिसताच मालकाला लेखी पत्र द्यावे. तोंडी विनवण्यांना चौकशीत किंमत नसते.

दुसरा फास बचत खात्याचा. कामाचे पैसे, बहिणीने आजारपणासाठी दिलेले उसने, भिशीची रक्कम, सारे एकाच खात्यात पडते. मग छाननीत अधिकारी प्रत्येक जमेचे मूळ विचारतो, आणि ते सांगता आले नाही की ती रक्कम ‘स्पष्टीकरण नसलेले उत्पन्न’ ठरते. डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या धामधुमीत, अशा रकमेवरील कराचा दर ३० वरून ६० टक्क्यांवर नेण्यात आला, अधिभार निराळाच. काळ्या पैशावर उगारलेला हा सोटा भिशीवाल्याच्याही पाठीत बसू शकतो! म्हणून कामाचे खाते वेगळे ठेवावे आणि उसनवारीची चिठ्ठी जपावी.

आणि ईमेल. हे लिहिताना मला संकोच वाटतो, इतकी ती क्षुल्लक बाब आहे. पण घात तीच करते. अनेकांच्या विवरणपत्रावर पत्ता नि मोबाईल करसल्लागाराचा असतो. २०२० पासून चौकशी बिनचेहऱ्याची झाली. नोटीस संकेतस्थळावर येते, सल्लागार ती उघडत नाही, मुदत टळते आणि एकतर्फी निर्णय होतो. मुदत वाढवून मागता येते, पण नोटीस आली हे ठाऊक असेल तर!

कोणी म्हणेल, समाजवाद्यांनी करखात्याविरुद्ध धडे द्यावेत काय? कर बुडवणे हा आपला पक्ष कधीच नव्हता. कराविना ना सरकारी दवाखाना, ना शाळा. आपला प्रश्न एवढाच की, झडती कोणाची? १९८५ मध्ये वारसा संपत्तीवरील कर गेला, २०१५ मध्ये संपत्तीकर गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडत असल्याचे सरकारनेच सांगितले. त्या सवलतीचा हिशेब कोणी बचत खात्याच्या पानापानांतून मागितला नाही.

आपल्या संघटनांनी या माणसांना ‘ते कामगार नव्हेत’ म्हणून दाराबाहेर ठेवले आहे. मालकाचीच व्याख्या आपणही मान्य केली, असा याचा अर्थ होतो. शाखेच्या कार्यालयात दर तिमाहीला एक संध्याकाळ, एक जाणता हिशेबनीस आणि एक संगणक एवढी सोय अवघड नाही. आमचे स्नेही पहिल्याच संध्याकाळी येतील; त्यांची मागणी अजून रद्द झालेली नाही.