व्हीएलसीत दिसतो, एडिटिंगमध्ये उघडत नाही: जुन्या व्हिडिओ फाईल्सचं नेमकं होतं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. त्याआधी, जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं होतं की मॅकओएस टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असेल. या दोन निर्णयांचा सरळ परिणाम म्हणजे घरोघरी, स्टुडिओत आणि छोट्या ऑफिसांत वर्षानुवर्षं चाललेले कॉम्प्युटर आता बदलले जात आहेत.

नवं मशीन येतं, जुन्या हार्ड डिस्कमधला डेटा कॉपी होतो. मग कधीतरी २००४ च्या लग्नाचा, गावच्या जत्रेचा किंवा आजोबांच्या मुलाखतीचा व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकला जातो आणि समोर मेसेज येतो: हा फॉरमॅट सपोर्टेड नाही. कधी फक्त आवाज येतो, चित्र नाही. कधी चित्र दिसतं, पण आवाज गायब.

फाईल खराब झाली, असं समजून अनेक जण ती डिलीट करून टाकतात. पण बहुतेक वेळा फाईल धडधाकट असते. ती वाचणारं सॉफ्टवेअर तिची भाषा विसरलेलं असतं.

.एव्हीआय किंवा .एमओव्ही म्हणजे नेमकं काय?

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आपल्याकडे घरोघरी काय काय भरलेलं असतं! डब्यावर श्रीखंड लिहिलंय म्हणून आत श्रीखंडच असेल याची खात्री नसते. व्हिडिओ फाईलचंही तसंच आहे.

फाईलच्या नावामागचं .एव्हीआय, .एमओव्ही किंवा .एमपीफोर हे डब्याचं नाव. त्याला कंटेनर म्हणतात. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहेत, ते ठरवतो कोडेक. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टचा १९९२ सालचा डबा. त्यात सिनेपॅक, इंडिओ, डिव्हएक्स, मोशन जेपेग किंवा डीव्ही यांपैकी काहीही असू शकतं. अ‍ॅपलच्या एमओव्ही फाईलमध्ये सोरेन्सन असू शकतो, प्रोरेस असू शकतो किंवा आजचा एच.२६४ सुद्धा.

म्हणूनच एकाच फोल्डरमधल्या दोन एव्हीआय फाईल्सपैकी एक उघडते आणि दुसरी नाही. डबा सारखाच असतो, आतला माल वेगळा असतो.

सॉफ्टवेअर कंपन्यांनी जुने कोडेक का सोडले?

यामागे मुख्यतः तीन कारणं आहेत.

पहिलं सुरक्षेचं. अनेक एडिटिंग सॉफ्टवेअर जुने कोडेक वाचण्यासाठी अ‍ॅपलच्या क्विकटाइम ७ वर अवलंबून होती. एप्रिल २०१६ मध्ये विंडोजवरच्या क्विकटाइममध्ये दोन गंभीर त्रुटी असल्याचं उघड झालं. अ‍ॅपल विंडोजसाठी त्या दुरुस्त करणार नव्हतं. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने लोकांना हे सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा सल्ला दिला. दोन वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये अडोबीने प्रीमिअर प्रोमधून क्विकटाइम ७ च्या काळातल्या फॉरमॅट्सचा आणि कोडेक्सचा सपोर्ट काढला.

दुसरं कारण ३२ बिट आणि ६४ बिटचं. क्विकटाइम ७ ची रचना ३२ बिटची होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं पूर्ण थांबवलं आणि त्यासोबत जुने कोडेकही गेले. त्याच्या आधीच्या वर्षी फायनल कट प्रोमध्ये अशा फाईल्स शोधून त्या प्रोरेसमध्ये बदलून घेण्याची सोय दिली गेली होती. मात्र हे बदल कॅटालिनावर जाण्याआधीच करून घ्यायचे होते.

तिसरं कारण पैशांचं. कोडेकवर पेटंट असतात, परवान्याची फी असते. फार थोडे लोक वापरतात अशा फॉरमॅटसाठी फी भरणं आणि त्याचा कोड दरवर्षी तपासत राहणं कंपनीला परवडत नाही.

मग तीच फाईल व्हीएलसीमध्ये कशी चालते?

बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर ठरावीक कोडेक स्वतःजवळ ठेवतात आणि बाकीसाठी ऑपरेटिंग सिस्टीमकडे बघतात. व्हीएलसी आपले डीकोडर सोबत घेऊन येतो. त्यातले बरेचसे एफएफएमपेग या मुक्त प्रकल्पातून आलेले आहेत. २००० साली फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांनी तो सुरू केला. आज जगातला जुन्यात जुना, कुणी विचारत नाही असा फॉरमॅट उघडायचा असेल तर शेवटचा भरवसा बहुधा एफएफएमपेगचाच असतो.

हा प्रकल्प मुख्यतः स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो. २०२५ मध्ये यावरून वादही झाला. गुगलच्या एआयने एफएफएमपेगमध्ये एक त्रुटी शोधली. ती १९९५ च्या एका व्हिडिओ गेमपुरत्या मर्यादित डीकोडरमध्ये होती. फुकट काम करणाऱ्यांवर दुरुस्तीचा भार टाकायचा, तर सोबत पैसे किंवा दुरुस्तीचा कोडही द्यावा, असं प्रकल्पाच्या बाजूने सांगितलं गेलं. त्रुटी शोधून कळवणं हेही सुरक्षेसाठी गरजेचंच काम आहे, असा दुसऱ्या बाजूचा मुद्दा होता. जुन्या फाईल्स उघडत राहण्यामागे कुणाची तरी मेहनत असते, हे या वादाने दाखवून दिलं.

आपल्याकडच्या कोणत्या फाईल्स अडकतात?

व्हीसीडी: नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून लग्नाची कॅसेट जाऊन व्हीसीडी आली. तिच्या एमपेगएव्ही फोल्डरमधल्या .डॅट फाईलमध्ये एमपेग-१ व्हिडिओ असतो. फाईल कॉपी करून नावातलं डॅट बदलून एमपीजी केलं, तर अनेकदा ती उघडते.

डीव्हीडी: यातल्या व्हीओबी फाईल्स एक-एक जीबीच्या तुकड्यांत असतात. एकच तुकडा उचलला तर कार्यक्रम अर्धवट येतो. कॅमेऱ्यातली डीव्हीडी रेकॉर्डिंगनंतर फायनलाइझ केली नसेल, तर कॉम्प्युटर ती रिकामी दाखवू शकतो.

एमटीएस: २००६ पासून आलेल्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या फाईल्स. मोठं रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्यांत साठवतो आणि ते तुकडे जोडण्याची माहिती फोल्डरमधल्या इतर फाईल्समध्ये असते. त्यामुळे कार्डावरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं ठेवावं.

थ्रीजीपी: कीपॅडच्या फोनवरचे व्हिडिओ. यात आवाज बहुधा एएमआर या फोनसाठीच्या कोडेकमध्ये असतो. म्हणून चित्र येतं आणि आवाज येत नाही.

पायरीपायरीने काय करायचं?

१. आधी कॉपी. मूळ फाईलवर कधीच प्रयोग करू नका. सीडी-डीव्हीडी असेल तर आधी ती हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

२. व्हीएलसीमध्ये चालवून बघा. चालली तर अडचण कोडेकची आहे. तिथेही चालली नाही, तर फाईल बिघडलेली असण्याची शक्यता वाढते.

३. आत काय आहे ते वाचा. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर कंटेनर, व्हिडिओ कोडेक, ऑडिओ कोडेक आणि फ्रेम रेट दाखवतं. हे न बघता उपाय करणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

४. फक्त डबा बदलून भागतं का, ते बघा. कोडेक चालणारा आहे पण कंटेनर नको आहे, अशा वेळी व्हिडिओ पुन्हा न दाबता दुसऱ्या कंटेनरमध्ये टाकता येतो. याला रीरॅप म्हणतात. काम मिनिटांत होतं आणि क्वालिटी अजिबात कमी होत नाही.

५. नाहीतर कन्व्हर्ट करा. एडिटिंगसाठी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर निवडा. फाईल बरीच मोठी होते, पण एडिटिंग सुरळीत चालतं. शटर एन्कोडर हे मोफत सॉफ्टवेअर एफएफएमपेगवरच चालतं आणि त्यासाठी कमांड टाइप कराव्या लागत नाहीत. फक्त घरच्यांना पाठवायचा असेल तर हँडब्रेकने केलेला एच.२६४ व्हिडिओ पुरेसा आहे.

फाईल खरोखरच बिघडली असेल तरी लगेच आशा सोडू नका. रेकॉर्डिंग सुरू असताना बॅटरी संपली, तर एमपीफोर फाईलमधली अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. चित्र आत असतं, पण कुठे काय आहे ते सॉफ्टवेअरला सापडत नाही. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी चांगली फाईल असेल तर तिच्या आधाराने अनेकदा दुरुस्ती करता येते.

कोणत्या चुका टाळायच्या?

इंटरनेटवरून मिळेल तो कोडेक पॅक टाकू नका. त्यासोबत नको ते सॉफ्टवेअर येऊ शकतं आणि नवी एडिटिंग सॉफ्टवेअर बहुतेक वेळा अशा पॅककडे बघतही नाहीत.

घरगुती व्हिडिओ अनोळखी ऑनलाइन कन्व्हर्टरवर अपलोड करू नका. तुमच्या घरातल्या लोकांचे चेहरे आणि आवाज कुठल्या सर्व्हरवर राहतील, हे तुमच्या हातात नसतं.

जुन्या मिनीडीव्ही आणि डीव्हीडीवरचा व्हिडिओ बहुतेकदा इंटरलेस्ड असतो, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम. सेटिंग चुकलं तर हलत्या माणसाभोवती कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. वेब किंवा मोबाईलसाठी कन्व्हर्ट करताना डीइंटरलेस सुरू ठेवा.

फोनवरच्या व्हिडिओत आवाज हळूहळू ओठांच्या मागे-पुढे जात असेल, तर बदलता फ्रेम रेट हे कारण असू शकतं. तो स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

आणि कन्व्हर्ट झालं म्हणून मूळ फाईल डिलीट करू नका. प्रत्येक कन्व्हर्जनमध्ये काहीतरी कमी होऊ शकतं. उद्या अधिक चांगली पद्धत आली, तर ती मूळ फाईलवरच वापरावी लागेल.

हे फक्त घरच्या व्हिडिओपुरतं आहे का?

नाही. सिनेमाची रीळ उजेडात धरली तर निदान त्यावर काय आहे ते डोळ्यांना दिसतं. डिजिटल फाईल मात्र डीकोडरशिवाय नुसते आकडे असते. त्यामुळे जगभरातले अर्काइव्ह्ज आता ज्यांची रचना सर्वांसाठी खुली आहे, अशा फॉरमॅट्सकडे वळत आहेत. क्वालिटी न घटवणारा एफएफव्ही१ हा कोडेक २०२१ मध्ये इंटरनेट मानकं प्रसिद्ध करणाऱ्या आरएफसी मालिकेत आला. मात्रोस्का हा कंटेनर २०२४ मध्ये आला. रचना उघडपणे लिहून ठेवली असेल, तर एखादी कंपनी बंद पडली तरी पुढची पिढी डीकोडर नव्याने लिहू शकते.

पण हे झालं संस्थांचं. महाराष्ट्रातल्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या लग्नांचं, सभांचं, तमाशाच्या फडांचं, कीर्तनांचं बरंचसं चित्रण कुठल्याही अर्काइव्हमध्ये नाही. ते तालुक्याच्या फोटो स्टुडिओत, लोकल केबलवाल्याच्या कपाटात आणि आपल्या घरातल्या जुन्या हार्ड डिस्कवर पडलेलं आहे.

म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एक रविवार काढा. ज्या मशीनवर ती फाईल आज उघडते, तेच मशीन ती वाचवण्यासाठीचं सगळ्यात सोयीचं साधन आहे. सगळ्या फाईल्सची यादी करा, उघडत नाहीत त्या वेगळ्या काढा, मूळ फाईल्सच्या दोन कॉपी वेगवेगळ्या जागी ठेवा आणि मगच जुन्या मशीनला निरोप द्या.