फॉरमॅट तोंडी नको, लेखी हवा



या शनिवारी जरा किचकट विषय घेतोय, पण धीर धरा, शेवटी गाडी मराठीवरच येणार आहे. विषय आहे फीड रीडर. आरएसएस म्हटलं की आपल्याकडे लोकांना भलतीच आठवण होते, म्हणून आधीच सांगतो, मी संकेतस्थळांवरचं नवीन लिखाण एका जागी गोळा करणाऱ्या आरएसएसबद्दल बोलतोय :)

गूगल रीडर २००५ च्या ऑक्टोबरात आलं आणि १ जुलै २०१३ ला बंद झालं. गंमत म्हणजे त्याच्या एपीआयचं अधिकृत दस्तऐवजीकरण गूगलने कधी प्रसिद्धच केलं नाही. बाहेरच्या लोकांनीच कोणती विनंती पाठवली की काय परत येतं हे तपासून तपासून लिहून ठेवलं. त्या नोंदींच्या जोरावर फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स, इनोरीडर ही मंडळी आजही तीच भाषा बोलतात. मूळ दुकान बंद होऊन दहा वर्षं उलटली तरी बोली जिवंत आहे! कशामुळे? कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

आता त्या बोलीतल्या खाचखळगे बघा. एकाच लेखाचा क्रमांक दोन रूपांत येतो. लांब रूपात तो सोळा अंकी हेक्साडेसिमल असतो, तर छोट्या रूपात दशमान, तेही चिन्हासकट. म्हणजे तोच लेख एकीकडे मोठ्ठा आकडा आणि दुसरीकडे चक्क उणे संख्या! त्यात हा आकडा जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या म्हणून वाचला तर शेवटचे अंक बदलू शकतात. ९००७१९९२५४७४०९९३ लिहा, ९००७१९९२५४७४०९९२ मिळेल. एका अंकाचा फरक, पण लेख दुसराच.

वेळेचंही तेच. एका ठिकाणी सेकंद, दुसरीकडे मिलिसेकंद, तिसरीकडे मायक्रोसेकंद. सेकंदांना मिलिसेकंद समजलात तर आजची बातमी जानेवारी १९७० ला जाऊन पडते. मिलिसेकंदांना सेकंद समजलात तर पन्नास हजार वर्षं पुढे. बरं, चूक झाली म्हणून प्रोग्रॅम ओरडतही नाही, निमूट चुकीचं दाखवतो.

आरएसएस २.० मध्ये तारीख लिहिताना आपल्याकडचे काही जण शेवटी 'आयएसटी' लिहून मोकळे होतात. पण आयएसटी भारताची, आयर्लंडची की इस्रायलची? ज्या जुन्या नियमावर ही तारीख बेतली आहे, त्यातल्या नावांच्या यादीत आयएसटी नाहीच. मग अनेक प्रोग्रॅम तिला ग्रीनिच वेळ धरतात आणि सकाळी दहाची बातमी दुपारी साडेतीनची होते. नुसतं +०५३० लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. शीर्षकात साधा मजकूर आहे की एचटीएमएल, हेही आरएसएसने मोघमच ठेवलं. डिसेंबर २००५ मध्ये प्रमाण म्हणून आलेल्या ॲटमने मात्र सरळ नियम केला, मजकुराचा प्रकार सोबत सांगा. एका शब्दाचं काम!

तुम्ही म्हणाल, कोड वाचला की कळतंच ना, कशाला लिहीत बसायचं? पण कोड सांगतो काय होतं, काय व्हायला हवं होतं ते सांगत नाही. शिवाय समोरच्याकडे तुमचा कोड असतोच असं कुठंय?

आमच्या सोलापूरची जेकार्ड चादर घ्या. नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून साठवायची, भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. म्हणजे शंभर टक्के डेटाच की! पण ते कार्ड किती हुकांच्या मागासाठी आहे आणि कार्डांचा क्रम काय, हे माहीत नसेल तर हातात उरतो नुसता भोकं पाडलेला पुठ्ठा.

आणि मराठीचं नेमकं हेच झालंय. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टाइप व्हायची ती इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेल्या फॉन्टमध्ये. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, पण मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं तिथे पोचायला २००० नंतरची बरीच वर्षं गेली. त्याआधीच्या फायली आज उघडा, फॉन्ट नसेल तर सगळी गिचमिड. शोध घ्यायचा तर शक्यच नाही. ज्या फॉन्टचा तक्ता कुणीतरी लिहून ठेवला, त्यातला मजकूर परत मिळवता येतो. ज्याचा नाही, त्यातल्या कविता, अग्रलेख, दिवाळी अंक डिस्कवर आहेत आणि नाहीतही.

युनिकोड आलं म्हणून सुटलो असंही नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन 'अॅ' लिहायचे, अजूनही लिहितात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. 'ॲप' शोधलं तर 'अॅप' सापडेलच असं नाही. आणि फीडमध्ये भाषा मराठी आहे हे सांगितलंच नाही, तर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी बातमी हिंदी उच्चारात वाचू शकतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते जाणवणारही नाही. ज्याला दिसत नाही त्याचा मात्र पेपर बिघडतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एपीआय बनवणाऱ्याने प्रत्येक रकान्यापुढे एक ओळ लिहावी: हे काय आहे, कोणत्या एककात आहे, रिकामं येऊ शकतं का. आणि खाली एक खरं उदाहरण द्यावं. अर्ध्या दिवसाचं काम आहे हो. मराठीत फीड देणाऱ्यांनी तर भाषा, टाइम झोन आणि मजकुराचा प्रकार सांगितल्याशिवाय फीड सोडूच नये.

कंपन्या बंद होतात, सर्व्हर जातात, आपणही नोकऱ्या बदलतो. मागे उरतं ते लिहिलेलं, आणि ते वाचायचं कसं हे सांगणारा कागद. तो कागद सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी लिहा, बाकी फीचर्स नंतर बघू.