भट्टी पेटवा, पण डोळे आणि पावती सांभाळा!

गावगाड्यात लोखंड कोणी तापवायचे, चामडे कोणी कमवायचे आणि मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे जन्मानेच ठरत होते. धंदा बदलण्याची मुभा नसल्यामुळे जातिव्यवस्था हीच बेकारीचे कारण बनते, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले. संविधानाच्या कलम 19 ने ही जन्माची वाटणी मोडून कोणताही कायदेशीर धंदा करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला. मग ऐरणीवर एकाच जातीचा मालकी हक्क का मानायचा?

धाराशिव जिल्ह्यात ऊसतोडीचा कोयता, विळा, खुरपे, कुळवाची पास यांना गिऱ्हाईक आहे. कोयता चालवायला आमचे लोक परजिल्ह्यात जातात. तोच कोयता घडवून गावात का राहू नये? ट्रकचा जुना कमानपाटा, भंगारातला वाईस, घण, सांडशी आणि एक ब्लोअर एवढ्यावर घरामागे भट्टी सुरू होऊ शकते. हे काम घिसाडी बांधवांकडून शिकावे आणि त्यांना शिकवण्याचा मोबदला द्यावा. ज्यांच्या माता-भगिनी उन्हातान्हात घण मारतात, तो भटका समाज आमचा प्रतिस्पर्धी नाही, सोबती आहे.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामासह 18 धंदे आहेत; अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि 5 टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. ज्यांना मिळेल त्यांनी जरूर घ्यावे. पण कौशल्य बापाकडून मुलाकडेच जावे, हा तिच्यामागचा विचार आम्हाला मान्य नाही. तामिळनाडू सरकारनेही 2024 मध्ये, कुटुंबाचा पिढीजात धंदा असण्याची अट काढा, असा आग्रह धरला होता.

हक्क मिळाला म्हणून जीव स्वस्त होत नाही. स्वतःच्या घरी काम करणाऱ्याला भरपाई देणारा मालक नसतो. डोळा गेला तर कुटुंबाचा आधार गेला. म्हणून जुने अवजार आणले की आधी तपासा. घणाच्या किंवा छन्नीच्या डोक्याची कड फुलली असेल तर ती घासून काढा. नाही तर तिचा तुकडा गोळीसारखा उडतो. दांडा हलत असेल तर पक्का करा. ग्राइंडरला गार्ड नसेल तर तो चालवू नका. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे, पायात बूट हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. बंद खोलीत भट्टी लावू नका. कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण तो माणूस मारतो. जस्ताचा मुलामा असलेला पाईप तापवू नका, त्याच्या धुराने ताप भरतो. तेलाचा बंद ड्रम कापायला घेऊ नका, आतली वाफ पेट घेऊन स्फोट होतो. पाणी आणि वाळूची बादली हाताशी ठेवा, लेकरांना लांब ठेवा.

आम्ही वकिली करतो म्हणून आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. रेल्वे रुळाचा तुकडा ऐरणीला उत्तम. पण 1966 च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यानुसार असा संशयास्पद माल सापडला, तर तो कायदेशीर मार्गाने आला हे ताबा असणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, पण पोलिसांचा संशय अजून आमच्याच वस्त्यांकडे वळतो. म्हणून भंगार घेताना पावती घ्या. तीवर विकणाऱ्याचे नाव, मालाचे वर्णन, वजन आणि तारीख असू द्या. पावती नसेल तर माल कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

तथागतांनी आपले अखेरचे भोजन पावा येथील चुंदाकडून स्वीकारले. हा चुंद कम्मारपुत्त, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा. त्याला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनात खंत राहू नये, याची काळजी भगवंतांनी महापरिनिर्वाणाच्या आधी घेतली. धम्मात घाम गाळणाऱ्या हाताला हा मान आहे. तो हात आणि तो डोळा शाबूत ठेवणे, हेही धम्माचेच काम आहे. प्रत्येक विहारात एका रविवारी हे शिक्षण सुरू करावे, एवढीच आमची मागणी.

जयभीम!