चालणाऱ्यांचे शब्द

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. आज ते तालुक्याचं गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी इथे आपली प्रिय सहचरी मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र बांधलं आणि गाव मुक्तांबाळपुरम झालं. छत्र म्हणजे अन्नछत्र, धर्मशाळा आणि पाठशाळा, सगळं एका आवारात. ते नेमकं इथे का, याचं उत्तर रस्त्यात आहे. हा सेतूचा रस्ता. काशीची गंगा घेऊन रामेश्वरला निघालेला आणि सेतूची वाळू घेऊन परत काशीकडे निघालेला यात्रेकरू या बाजूने पायी जायचा. पुढे समुद्रकाठी सेतुभावाछत्रम आहे, तिकडे नीडामंगलमला यमुनांबाळचं छत्र आहे. मुक्काम संपून गेले, गावांच्या नावांत छत्रं राहिली.

मराठीतले रस्त्यांचे किती तरी शब्द डोंगरात घडले. घाट, खिंड, नाळ, निसणी, पाखाडी, चोरवाट. पाऊल कुठे टाकायचं, ओझ्याचा बैल चढेल की नाही, शत्रूला दिसेल की नाही, एवढं सगळं त्या एकेका शब्दात कळतं. तंजावरला मराठी राज्य उभारणाऱ्या एकोजीराजांबरोबर सतराव्या शतकात जी मराठी माणसं कावेरीकाठी गेली, त्यांच्यापुढे मात्र नजर पोचेल तिथवर सपाट शेतं आणि पाटांचे बांध. तिथे नाळ कशाला म्हणायचं? घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या, एवढाच अर्थ तिथे उपयोगाचा.

त्या तमिळ मुलखाची स्वतःची वाटांची भाषा होतीच, आणि ती तेवढीच नेमकी आहे. घरं समोरासमोर असतात ती तेरु. देवाचा रथ वळेल एवढी रुंद ती वीदि. तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या चार राजवीदि आजही याच नावाने ओळखल्या जातात. दोन भिंतींमधला बोळ तो संदु. बैलगाडी जाते ती वंडिप्पादै, आपली गाडीवाट. एकामागे एक चालावं लागतं ती ओट्रैयडिप्पादै, म्हणजे एका पावलाची वाट. आणि मोठा हमरस्ता तो सालै. याच सालै शब्दाचा दुसरा वापर पाहा: पाठशाळा ती पाडसालै, अन्नदानाचं घर ते अऱच्चालै. रस्ता आणि रस्त्याकडेचं आश्रयस्थान, दोन्हींना तमिळमध्ये सालै म्हणतात. सेतूच्या रस्त्यावर तर ही दोन्ही एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत.

छत्र नेमकं इथेच का, याचं दुसरं उत्तर जमिनीत आहे. आज ओरत्तनाडुभोवती भातशेती दिसते, ती मुख्यतः 1934 मध्ये मेट्टूर धरणाबरोबर आलेल्या ग्रँड अनिकट कालव्याची. त्याआधी हा कावेरीच्या जुन्या पाटांपलीकडचा कोरडा पट्टा होता. तंजावरची हिरवळ मागे पडल्यावर पायी माणसाला अन्नपाण्याची खरी गरज इथूनच पुढे लागायची.

1799 च्या तहाने तंजावर राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. 1801 मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. छत्रं आपल्या हाती राहावीत, ही त्यामागची तळमळ. छत्रांचा रिवाज त्यात तपशिलाने सांगितला आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला अन्न मिळतं. शिजवलेला भात चालत नसेल त्याला शिधा. मध्यरात्री घंटा वाजवतात, कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं म्हणून. वाटेत आजारी पडला त्याला औषध आणि पथ्याचं जेवण, बाळंतिणीची देखभाल, लेकरांना दूध. राज्य गेलेल्या राजाला वाटेवरच्या माणसाची जबाबदारी सोडवत नव्हती, हे वाचताना मला आजही भरून येतं.

आता आपल्याकडे, महाराष्ट्रात या. सरकारी वर्गवारीत राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशा पायऱ्या आहेत. खर्च कोणी करायचा एवढं या नावांवरून समजतं. त्या रस्त्याने कोण जातं, हे एकाही नावावरून समजत नाही. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि त्यावर पायी चालायला बंदी आहे. वेगवान गाड्यांसाठी तो तसाच हवा, याबद्दल माझा वाद नाही. पण चालणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या रस्त्यालाही मार्ग आणि आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेलाही मार्ग म्हटलं, की दोन्हींच्या आखणीत पहिला विचार गाडीचाच होतो. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात वारकऱ्यांसाठी कडेने चालण्याची पट्टी धरली, हे चांगलंच झालं. पण भर उन्हात वीस किलोमीटर चाललेल्याला पट्टीइतकीच सावली लागते, पाणी लागतं, टेकायला ओटा लागतो. सेतूच्या रस्त्यावर हे सगळं रस्त्याचाच भाग होतं.

खेड्यातला प्रश्न याहून निकडीचा आहे. गावनकाशात पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट, पायवाट यांतलं प्रत्येक नाव वेगळ्या रुंदीचं आणि वेगळ्या हक्काचं आहे. वापराने मिळालेल्या हक्काला आपण वहिवाट म्हणतो, त्यातही वाट आहेच. या वाटा अडवल्या की शेतकरी तहसीलदाराकडे जातो, 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली दाद मागतो, आणि तिथे भांडण बहुतेकदा याच गोष्टीवर येतं: ही गाडीवाट होती की नुसती पायवाट? म्हातारी माणसं नाव घेऊन सांगू शकतात तोवर साक्ष आहे. ती गेली आणि नकाशा फाटका निघाला, तर बांध नांगरणाऱ्याचं फावतं.

2025 च्या मे महिन्यात महसूल विभागाने शेतरस्ते किमान तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, असा निर्णय घेतला. ही नोंद करताना सरसकट 'रस्ता' लिहू नये. गावकरी त्या वाटेला पाणंद म्हणत असतील तर पाणंद लिहावं, पायवाट असेल तर पायवाट, आणि ती कोणाच्या शेतापासून कुठवर जाते तेही लिहावं. मोजणीदारासोबत गावातली दोन वयस्क माणसं, त्यांतली एक तरी बाई, शिवारात फिरवावीत. सरपणाच्या आणि पाण्याच्या वाटा बायांना तोंडपाठ असतात, आणि नकाशातून पहिल्यांदा त्याच गळतात.